म्हाळसाआजीचं खरबूज

खूप जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूरच ऐकावी.

नदीकाठच्या एका नगरात घरोघरी परसात खरबुजं लावत. तिथे एक रीत होती. हंगामातलं पहिलं खरबूज जो राजाला नेऊन देईल, त्याला भरजरी शेला मिळे. मग काय, शेल्यासाठी झुंबड! फळ जरा पिवळं दिसलं, की लोक तोडून मोकळे. कच्चं फळ राजाच्या ताटात पडे आणि राजाचं तोंड वाकडं होई.

अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी राजा वैतागला.

"या फळाला ना गोडी, ना वास. वेली फुकट पाणी पितात. उपटून टाका सगळ्या!"

शिपाई परसापरसातून फिरू लागले. लोकांनी मुकाट्याने वेली उपटू दिल्या. राजापुढे बोलणार कोण?

बोलली ती एकटी म्हाळसाआजी. उन्हाळाभर नदीवरून घागरी वाहून तिने वेली जगवल्या होत्या. फळाला ओल लागून ते सडू नये, म्हणून प्रत्येकाखाली गवताची चुंबळ ठेवली होती. तिला मूल ना बाळ, जी काही माया होती ती त्या वेलींवर. ती कुंपणाच्या दारात आडवी उभी राहिली. धन्य ती बाई!

"महाराजांना सांगा, आधी माझं एक फळ खा, मग खुशाल वेली उपटा."

राजाला नवल वाटलं. तो स्वतःच आला.

"तोड. खातो."

"आज नाही, महाराज. अजून त्याने देठ सोडलेला नाही."

"राजाला ताटकळत ठेवतेस?"

"मी कोण ठेवणार? वेलीला हुकूम कळत नाही. आज तोडलं तर तुम्ही कच्चं खाल, आणि माझ्या वेली जातील. त्यापेक्षा तुमचा राग परवडला."

शिपायांनी जिभा चावल्या. राजा मात्र हसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला. तेव्हा सोबतच्या प्रधानाने न राहवून फळाला हात घातला, तर आजीने त्या हातावर चापटच मारली!

चौथ्या दिवशी सकाळी वास थेट रस्त्यापर्यंत आला. आजीने फळाला नुसता हात लावला, तर ते अलगद सुटून हातात आलं.

राजाने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. रस हनुवटीवरून ओघळला, तरी त्याला भान नव्हतं.

"आजी, इतकी वर्षं मला असं खरबूज कुणीच कसं दिलं नाही?"

"तुम्ही पिकू कुठे दिलंत, महाराज? पहिलं आणणाऱ्याला शेला दिलात. गोड आणणाऱ्याला कधी विचारलंत?"

राजाने मान खाली घातली. हुकूम तिथेच मागे घेतला, शेल्याची रीतही मोडली. आजीने आपल्या सगळ्या पिकल्या फळांचं बी धुऊन वाळवलं आणि ज्यांच्या वेली गेल्या होत्या, त्यांच्या घरी मूठमूठ पोहोचवलं. पुढच्या उन्हाळ्यात नगरात कच्चं फळ कुणी तोडलं नाही.

एवढं ध्यानात ठेवावं: जिथे पहिलं येण्यालाच मान मिळतो, तिथे पिकण्यासाठी कुणी थांबत नाही.