काचेवरची टिकली

स्वयंपाकघरातल्या वस्तू आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. वत्सलाबाईंकडे विजेची नवी शेगडी आली. तिला ना बटण, ना सोबत माहितीपुस्तक. बाईंची नजर अधू. गुळगुळीत काचेवर त्यांनी खूप बोटं फिरवली, पण चहा काही झाला नाही.

"उद्या परत पाठवते हिला," त्या म्हणाल्या.

शेगडी हिरमुसली. "माझ्यात एवढे गुण असूनही?"

"गुण आहेत गं," जुना मिक्सर म्हणाला, "पण ते हाताला सापडायला नकोत का?"

सकाळी बाईंनी पुन्हा काच चाचपली. बोट नेमक्या जागी येताच शेगडीने हळूच 'टुंग' केलं. बाई थबकल्या. कपाळावरची टिकली काढून त्यांनी तिथेच चिकटवली.

"सापडलीस गं बाई," म्हणत त्यांनी आधण ठेवलं.