कडजाईच्या लुगड्याचे कोरे टोक

आमच्या गावदेवीचे, कडजाईचे लुगडे सबंध तांबडे असते, अशी माझी खात्री होती. दूर शिकायला असताना गाव आठवायचे ते त्याच रंगात. परत आल्यावर पाहिले, तर लुगड्याचे एक टोक कोरे, मांजरपाटासारखे फिके. रंग पुरला नसेल, यंदा आपण पुरवू, असे वाटून त्याच दुपारी मी झऱ्याकाठच्या धायटीची, ज्यांचा तो तांबडा रंग काढतात ती, सगळी फुले ओरबाडली आणि टोपली घेऊन देवळात गेले.

देवळातली गुरवीण तान्हूआत्या टोपलीकडे बघत राहिली.

"झुडपावर काही ठेवलंस का गं बाये, की पानंही वेचून आणलीस?"

ओसरीवरच्या बायका हसल्या. आत्या हसली नाही.

"बस. येसूचं तुला कुणी सांगितलं नाही वाटतं."

फार पूर्वी येसू नावाची सून या गावात होती, असे सांगतात. तिची नणंद बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवे आहे, असे सुईण सांगून गेली. तेव्हा येसूने नवस केला, 'हिची सुखरूप सुटका कर, तुला सबंध तांबडं लुगडं नेसवीन.' माघ सरत आला होता. सारे रान वाळलेले. फांद्यांना बिलगून फुललेली धायटी तेवढी लाल. एकेक फूल खुडायला धीर नव्हता. येसूने कोयता घेतला आणि डोंगरभर फांद्याच उतरवल्या. लुगडे रंगले, देवीला नेसवले. नणंद सुटली. मुलगी झाली.

रीतीप्रमाणे बाळाच्या जिभेला मध लावायचा, म्हणून येसूचा सासरा कड्यावर गेला. पोळी रिकामी होती. त्या दिवसांत मधमाशा धायटीवरच जगतात. फुले गेली तशा त्याही कडा सोडून गेल्या, म्हणे. मधाचे बोट न लागलेले गावातले ते पहिलेच मूल. नणंद एका शब्दाने बोलली नाही. येसूला तेच सोसवेना. तिने देवीचे लुगडे उतरवले, त्याचे एक टोक राखेच्या पाण्यात भिजवले आणि रंग जाईपर्यंत दगडावर चोळले.

"आई, एवढं तुझं नव्हतं," ती म्हणाली, "माशांचं होतं."

धायटी पुन्हा फुटली. ती फुलली तेव्हा माशाही परतल्या.

आजही लुगडे रंगवताना एक टोक रंगाबाहेर ठेवतात आणि तेवढी फुले डोंगरावर राहू देतात.

टोपली माझ्या मांडीवरच होती. फुले मलूल होऊ लागली होती.

"आता काय करू, आत्या?"

"मला काय विचारतेस? मी काय मध करते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झऱ्यावर गेले. उघड्या फांदीभोवती एक माशी घोटाळत होती. तशीच देवळात आले. बायका रंगाचे पातेले चुलीवर चढवत होत्या. सगळ्यांसमोर मी सांगितले, "यंदा दोन्ही टोकं कोरी ठेवा. आणि दुसरं कुणामुळे, असं जत्रेत कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा."