खेळांवाचून खेळपेटी

यंत्रं आणि राजे एकाच काळात नांदत होते, तेव्हाची गोष्ट. एका नगरात सर्जेराव नावाचा कारागीर खेळपेट्या बनवायचा. पेटी पडद्याला जोडली, वरून खेळाची चकती घातली, की पडद्यावर घोडे धावायचे, गड सर व्हायचे. सगळं नगर त्यात रमायचं.

हे खेळ रचायची चांगुणा. लोक म्हणत, "पेटी सर्जेरावाची, पण जीव चांगुणेचा." सर्जेरावाला ते फार झोंबायचं.

एके वर्षी शेजारच्या गावात लिंबाजी नावाच्या कारागिरानं एक लहानशी, साधी खेळपेटी काढली. सर्जेराव खवळला. त्यानं हट्टानं नवी पेटी घडवली. जुनीपेक्षा कितीतरी वेगवान! पडद्यावर घोड्याच्या आयाळीचा केसन् केस दिसायचा. पण ती भट्टीसारखी तापायची आणि जुना एकही खेळ तिच्यावर चालत नव्हता; चालायचा तो त्यानं स्वतः जुळवलेला घोड्याचा एकच खेळ.

चांगुणा म्हणाली, "दादा, वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण जुने खेळ चालू द्या. लोकांचा जीव आहे त्यांच्यावर. आणि ही नवी पेटी मला नीट समजावून सांगा, म्हणजे नवे खेळ रचता येतील."

"समजावून?" सर्जेराव कडाडला. "तुला कळत नसेल तर ती तुझी अक्कल! लोक ताकद बघून येतात. खेळ काय, कोणीही रचेल!"

चांगुणेच्या अंगाची लाही लाही झाली. "माझ्या खेळांवर मोठे झालात, आणि आज माझीच अक्कल काढता? ठेवा तुमची पेटी तुमच्यापाशी!" ती तडक लिंबाजीकडे गेली.

लिंबाजी संकोचून म्हणाला, "ताई, माझ्या पेटीत तेवढा दम नाही. घोडा ओबडधोबड दिसेल."

"दिसू दे. धावला पाहिजे."

लिंबाजीनं तिला पेटी उघडून दाखवली. खेळ जिथे अडला, तिथे त्यानं पेटीत सुधारणा केली. हे कळल्यावर बाकीचे खेळ रचणारेही त्याच्याकडे आले.

इकडे नव्या पेटीसाठी पहिल्या दिवशी झुंबड उडाली. महिन्याभरात तीच माणसं दुकानावर चालून आली. नगरातला लोहार पेटी आपटून ओरडला, "एकच खेळ किती वेळा खेळायचा? आमचे जुने खेळ मातीत घातलेस, आणि नवे कुठे आहेत?"

"अडाण्यांनो, हिच्याइतकी ताकदवान पेटी जगात नाही!"

"मग बस तिची पूजा करत!"

सर्जेरावानं पुढच्या वर्षी आणखी ताकदवान पेटी केली. ती बघायलाही कोणी आलं नाही. तो दुकानाच्या दारात उभा राहून लोकांना शिव्या घालत राहिला, आणि लोक त्याच्यासमोरूनच लिंबाजीच्या गावाला जात राहिले.

तात्पर्य एवढंच: ताकदीचं कौतुक चार दिवसांचं असतं, खेळ रचणाऱ्याला आणि खेळणाऱ्याला जो तुच्छ लेखतो, त्याचं यंत्र कितीही बलवान असो, ते टिकत नाही.