सहाव्या माळेचा दिवा

"...मग देवी मला दर्शन कधी देणार, बुवा?"

नवरात्राची सहावी माळ होती. सगुणेने घटाजवळ लावलेला अखंड दिवा अजून एकदाही विझला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या आळीला सांगून झाली, तेव्हा भर दुपारी ती भिवाबुवांच्या मठात आली. आपल्या भक्तीचा तिला भारी तोरा.

बुवा वाती वळत होते.

"दिव्यापाशी कोण आहे?"

"आत्याबाई आहेत की. सासूबाई हो माझ्या. अंग लुळं पडलंय, वाचा गेलीय... आणि आता हे नवीन खूळ. दिवसरात्र जमिनीवर वाटी बडवतात. जीव नकोसा केलाय नुसता!"

बुवांचे हात थांबले.

"आणि दार?"

"बाहेरून कडी घालून आलेय."

बुवा उठले आणि वहाणाही न घालता चालू लागले. सत्तरीचा म्हातारा, पण त्यांना गाठताना सगुणेला धाप लागली.

कडी काढली. आतून आवाज येत होता. टक्... टक्...

दोघं उंबऱ्यातच थबकली.

म्हातारी कुशीवर पडली होती. धड असलेल्या एका हातात पितळेची वाटी, नजर दिव्यावर. घटामागून उंदीर निघाला आणि तुपात भिजलेल्या वातीकडे सरकला. म्हातारीने वाटी आपटली, तसा तो पळाला.

दिव्याला लागून देवीची कापसाची वस्त्रं होती. त्यांच्यापलीकडे लाकडी देव्हारा, अलीकडे म्हातारीची गोधडी.

सगुणेची नजर वातीवरून गोधडीवर गेली. उंदराने पेटती वात ओढून नेली असती तर... आणि बाहेरून कडी!

"म्हणजे सहा दिवस ह्या..." ती म्हातारीजवळ वाकली.

म्हातारीचे डोळे जागून जागून लाल झाले होते.

बुवांनी माळेतलं झेंडूचं एक फूल खुडलं आणि ज्योतीवर टेकवलं. दिवा शांत झाला.

एवढं सगळं कळूनही सगुणेच्या तोंडून ओरडा निघालाच. "बुवा! व्रत मोडलं माझं! देवी कोपेल!"

म्हातारीने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. वाटी हातातून सुटली. दुसऱ्याच क्षणी ती बारीकशी घोरू लागली.

बुवांनी तिच्या अंगावर गोधडी नीट ओढली, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, पोरी. सहा दिवसांनी देवीचा डोळा लागलाय."