मेडिकलचा थांबा

"ज्यानं कुणी हा विमानतळ गावाबाहेर नेऊन टाकला, त्यानं जन्मात कधी बसची वाट पाहिली नसणार! सामान्य माणसानं इथून शहरात जायचं तरी कसं?"

सुमेध हे मोठ्यानं बोलला. ऐकायला समोर कुणी नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या भंते रेवतांनी खांद्यावरची झोळी सावरली.

"टॅक्सीवाले बोलावताहेत," ते म्हणाले.

"टॅक्सी नको, भंते. लोक ज्यानं जातात त्यानं जायचं. तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"साधेपणा."

"हं..." भंते म्हणाले.

भिक्खूचं चीवर घातल्यापासून भंते पैशाला हात लावत नसत. इंजिनियरची नोकरी सोडून सुमेध त्यांच्याबरोबर राहू लागला, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रवासाचे पैसे त्याच्याकडे असत. तिकिटं तोच काढी. तो नेईल तिकडे भंते जात.

सकाळी दिल्लीत, धम्मसभेच्या मंडपात, त्याला बहिणीचा फोन आला होता. बाबांना मेडिकलमध्ये, सरकारी दवाखान्यात, भरती केलंय. आयसीयूत आहेत. भेटायला फक्त चार ते पाच सोडतात. डॉक्टर म्हणतात, उद्याचं सांगता येत नाही. तू ये.

सभेच्या लोकांनी दोघांना मिळेल त्या विमानात बसवून दिलं होतं.

आता पावणेतीन वाजले होते.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात लांब केला. "बस आत येत नाही जी. रस्ता ओलांडा, तिथं टिनाचं शेड आहे. मेडिकल चौकातून जाते का, विचारून चढा. पाऊण तास पकडा."

दोघं चालत गेले. शेडखाली सिमेंटचा बाक होता, तापलेला. भंते त्यावर बसले. सुमेध उभाच राहिला.

तीन वाजून पाच मिनिटांनी पहिली बस आली. दारापर्यंत माणसं होती.

"जाते," भंते म्हणाले. "पाटीवर लिहिलंय."

"तुम्हाला उभं राहावं लागेल, भंते. या वयात..."

"मी उभा राहीन."

"नको. दुसरी येईल."

बस गेली.

एक शेअर ऑटो थांबला. दोन जागा होत्या. सुमेधनं मान हलवली. ऑटोवाला म्हणाला, "बसत नाही तर हात काहून दाखवता, भाऊ?"

सुमेधनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो खरंच वर उचललेला होता.

ऑटो गेला.

तीन वीस. दुसरी बस आली. हीत जागा होती.

"ही कारखान्यांच्या बाजूनं फिरून जाते," सुमेध म्हणाला. "उगाच वळसा."

"कुणी सांगितलं?"

"मला माहीत आहे."

बस गेली. धूळ बसायला थोडा वेळ लागला.

एक विमान डोक्यावरून उतरलं. त्याच्या आवाजात भंतेंनी काहीतरी विचारलं. सुमेधला ओठ हलताना दिसले, एवढंच.

"काय म्हणालात?"

"त्यांच्याशी शेवटचं काय बोलला होतास?"

सुमेधनं रस्त्याकडे पाहिलं.

"चार वर्षं झाली, भंते."

"किती वर्षं झाली ते नाही विचारलं."

"...ते कचेरीत शिपाई होते. साहेब वाटेल ते बोलायचा. हे मान खाली घालून ऐकायचे. घरी येऊन आम्हाला सांगायचे, आपण गप राहावं. मला ते सहन नाही झालं. ताईच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो... तुम्ही भित्रे आहात. सगळं आयुष्य भीत भीत काढलंत. मला तुमच्यासारखं नाही जगायचं."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. पंगतीत वाढायला गेले."

भंतेंनी झोळी मांडीवर घेतली.

सुमेधनं घड्याळ पाहिलं. मग हात खिशात घातला. दुसराही घातला.

"या शहरात बसची व्यवस्थाच नाही," तो म्हणाला. "एकालाही लाज वाटत नाही. माणसं मरतील, पण..."

वाक्य तिथंच राहिलं.

तीन पस्तीस. तिसरी बस आली.

अर्धी रिकामी. काचेवर ठळक पाटी होती. दारात उभी राहून कंडक्टरबाई ओरडत होती, "मेडिकल, मेडिकल! थेट!"

सुमेध पाटीकडे पाहत राहिला. पाटीत काही चूक सापडते का, हे शोधावं तसा.

"हिचे ब्रेक..." तो म्हणाला. "आवाज ऐकलात ना तुम्ही?"

भंते उठले. झोळी खांद्यावर घेतली. दोन पायऱ्या चढले आणि आत जाऊन बसले.

"भंते!"

आतून कंडक्टरबाईचा आवाज आला. "तिकीट, भंतेजी?"

"माझे पैसे खाली उभे आहेत," भंते म्हणाले.

बसमध्ये कुणीतरी हसलं. बाईनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"ओ दादा! भंतेजीचे पैसे तुम्हीच का? चढा ना मग! गाडी काय तुमच्या घरची आहे?"

सुमेध चढला. त्याच्यामागं दार लागलं. दोरी ओढली गेली, घंटी वाजली. चाकं हलली.

"दोन मेडिकल," तो म्हणाला.

"एक मेडिकल," भंते म्हणाले. "आणि एक शेवटच्या थांब्याचं."

"शेवटचा थांबा? तिथं तर विहार आहे."

"हो. मी विहारात जातो."

"तुम्ही माझ्याबरोबर येणार नाही?"

"बाप तुझा आहे, सुमेध."

बाईनं दोन तिकिटं फाडली. सुमेधच्या मुठीत त्याचं तिकीट लगेच ओलं झालं.

बस सरळ रस्त्यानं निघाली. सिग्नल लागला की त्याला बरं वाटे. सुटला की धडकी भरे. एका सिग्नलला रुग्णवाहिका शेजारून ओरडत गेली आणि त्याच दिशेला वळली.

"भंते... मी पोचेपर्यंत ते गेले असतील तर?"

भंते खिडकीबाहेर पाहत होते.

"आणि नसतील तर?" त्यांनी विचारलं.

सुमेधनं मुठीतलं तिकीट चुरगाळलं.

"त्याचीच जास्त भीती वाटते," तो म्हणाला. "ते माझ्याकडे पाहतील. काही बोलणार नाहीत. मान खाली घालतील... मी काय करू तेव्हा?"

"एकेक बस टाळताना कुणासारखा दिसत होतास, ठाऊक आहे?"

सुमेधनं चटकन त्यांच्याकडे पाहिलं. भंतेंच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, हसूही नव्हतं.  सुमेधचे डोळे भरून आले, पण त्यानं ते पुसले नाहीत. मूठ तिकिटावर मिटलेलीच होती.

"ते रोज जायचे कचेरीत," तो हळूच म्हणाला. "तीस वर्षं. भीत असले तरी... रोज जायचे."



चार वाजून वीस मिनिटं. डाव्या हाताला मेडिकलची लांब पिवळी भिंत सुरू झाली. भिंतीपाशी डबे घेऊन नातेवाईक बसले होते. कुणीतरी चादर वाळत घातली होती.

बस थांबली.

"मेडिकल! मेडिकलवाले चला!"

दोन बाया उतरल्या. एक म्हातारा उतरला. सुमेध उठला नाही.

त्यानं भंतेंकडे पाहिलं. भंतेंनी डोळे मिटले होते.

"बाई," सुमेधनं विचारलं.  "पुढचा थांबा किती लांब आहे?"

कंडक्टरबाईनं त्याच्या मुठीतल्या ओल्या तिकिटाकडे पाहिलं. तिचा हात घंटीच्या दोरीवर होता. तो तिनं खाली घेतला.

"मेडिकलचं तिकीट काढून रोज एखादा तरी पुढंच उतरतो, जी. मग उन्हातून चालत मागंच येतो. उठा. तुम्ही उतरल्याशिवाय मी घंटी मारत नाही."