खोकल्याची उजळणी

इंग्रजी अमदानीत एका जिल्ह्याच्या कचेरीत एकदा एका चिटणिसावर मोठी जबाबदारी येऊन पडली. साहेबाने फर्मावले, "अंमलदारांच्या पेन्शनीचे नियम न्याय्य करून आणा." चिटणीस विद्वान होता, म्हणून त्याने नियमांना हात न लावता फक्त भाषा सुधारली. तीस वर्षे नोकरी करील त्याला पेन्शन. पंचवीस वर्षांनंतर आजारी पडेल त्याला डॉक्टरच्या दाखल्यावर पेन्शन. पंचवीस वर्षांच्या आत जो आजारी पडेल, त्याला सरकारचे आभार.

मसुदा दाखवायला तो आपल्या गुरूंकडे गेला. हे वृद्ध निवृत्त दफ्तरदार होते. त्यांनीच त्याला कारकुनी शिकवली होती, आणि खोटी नोंद करणाऱ्याचा हात झडतो, हेही शिकवले होते.

ओसरीवर पाहतो तर तालुक्याचा धष्टपुष्ट मामलेदार मांडी घालून खोकत होता आणि गुरू नापसंतीने मान हलवीत होते.

"रावसाहेब, हा खोकला नव्हे, हे शेतातली पाखरे हाकणे झाले. छातीतून येऊ द्या. आणि खोकून झाल्याबरोबर समोरच्या ताटलीतल्या लाडवाकडे हात नेऊ नका, डॉक्टर बघत असतो."

मामलेदार गेला आणि हडकुळा शिरस्तेदार आला. त्याला खराखुरा दमा होता. गुरूंनी त्याला माडीचा जिना चढून उतरायला लावले. बिचारा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आले, पण ओठ घट्ट मिटलेले.

"शाबास! परवा डॉक्टरच्या तपासणीत एवढे जमले की झाले," गुरू म्हणाले.

तो गेल्यावर चिटणिसाचा संयम सुटला. "दादासाहेब, निरोग्याला रोग शिकवता आणि रोग्याला निरोगी करून दाखवता? सरकारची फसवणूक, आणि ती तुमच्या ओसरीवर?"

वृद्ध हसले. "मामलेदाराची सव्वीस वर्षे भरली आहेत. त्याला गावी जाऊन आंब्याची बाग सांभाळायची आहे. शिरस्तेदाराची भरली आहेत चोवीस. परवा त्याचा खोकला ऐकू आला, तर तीन लेकी घेऊन तो जाईल कुठे? तुझ्या नियमाने पंचविसाच्या अलीकडे खोकणे हा अपराध, पलीकडे खोकणे ही मिळकत. त्यांना शिकवतो तो तुझा नियम. मी नुसती उजळणी घेतो."

चिटणीस खाली बसला.

"बाबा रे," गुरू पुढे म्हणाले, "ज्या दारी दुखण्याला मान, तिथे धडधाकट माणूसही लंगडत येतो. मान द्यायचा तर केलेल्या सेवेला दे. प्रकृती ज्याची त्याच्यापाशी राहू दे."

चिटणिसाला आपल्या सुंदर भाषेची लाज वाटली. त्याने तिथेच दौत मागितली आणि सगळा मसुदा खोडून एक ओळ लिहिली: जितकी वर्षे सेवा, तितका वाटा, प्रकृती कशीही असो.

दुसऱ्या दिवशी साहेबाने ती ओळ दोनदा वाचली. "मग डॉक्टरने काय करायचे?"

"औषध द्यायचे, साहेब."

साहेबाने सही केली.

मामलेदार आपला थोडा कमी वाटा घेऊन बागेकडे गेला. जाताना साधी शिंकही आली नाही त्याला. शिरस्तेदाराला मात्र चिटणिसाने स्वतः जाऊन नियम समजावला. त्याने उभ्याउभ्याच ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि हळूच विचारले, "म्हणजे आता खोकले तर चालेल?"

"चालेल."

मग तो भिंतीला टेकला आणि चांगला पोटभर खोकला. कारकुनांनी माना वर केल्या नाहीत. चिटणिसाने आपल्या हाताने त्याला पाणी दिले, आणि देताना त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

नियम लिहिणाऱ्याने एवढेच आधी पाहावे, की तो पाळण्यासाठी माणसाला कोणते सोंग घ्यावे लागणार आहे.