हातशालीतले अंगण

लोकरीशिवाय हिवाळा सरत नसे अशा एका डोंगरगावात, फार फार वर्षांपूर्वी, एक विणणारीण आणि तिची लेक राहत होती.

त्या गावाची एक रीत होती. कुणाचे डोळे गेले की घरच्या माणसाने त्याच्यासाठी हातशाल विणायची. शालीवर उठावाच्या दाण्यांनी त्याचे अंगण काढायचे. विहीर, तुळस, पायऱ्या, सगळे. मग तो माणूस शाल मांडीवर घेई आणि बोटांनी आपले अंगण पाही. ज्याच्या घरी विणणारे कुणी नसे, त्याची शाल ही विणणारीण विणून देई.

पुढे तिचेच डोळे गेले.

"आता माझी शाल तू वीण गं," ती लेकीला म्हणाली. "अंगण एकदा बघावंसं वाटतंय."

लेकीचा हात क्रोशावर सरसर चाले, पण घाई तिच्या पाचवीला पुजलेली. दाण्याचा टाका तिने कधी शिकूनच घेतला नव्हता. एकाच घरात चार-पाच खांब अर्धवट विणायचे आणि शेवटी एका फासात ओढून घ्यायचे, एवढे तिला ऐकून ठाऊक होते. तिने तसे केले. दाणा काही दिसेना. पुन्हा केले. पुन्हा सपाटच. आईला विचारावे, तर एवढी मोठी झाल्यावर विचारायची लाज वाटली.

"सपाट तर सपाट," ती स्वतःशी म्हणाली. "रंग असे भरीन की गाव बघत राहील!"

आणि गाव खरेच बघत राहिले. निळी विहीर, हिरवी तुळस, तांबड्या पायऱ्या! शेजारीण म्हणाली, "अगदी अंगण उचलून आणलंस की गं!" लेकीला आभाळ ठेंगणे झाले. त्याच तोऱ्यात तिने सगळ्यांसमोर शाल आईच्या मांडीवर पसरली.

आईने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग परत मागे आणला. पुन्हा फिरवला.

"मऊ झालीय हो," ती हळूच म्हणाली. आणि तिने विचारले, "अंगण कुठून सुरू होतं गं?"

सगळ्या गावाने पाहिलेली शाल जिच्यासाठी होती, तिच्यापुरती कोरीच होती. लेकीला स्वतःचा फार राग आला. शेजारीण म्हणाली, "अगं, हात धरून सांग ना, ही विहीर, ही तुळस. त्यांना काय कळतंय!" पण लेकीने मान हलवली. शालीच्या लोकरीचे टोक शोधले आणि सर्वांदेखत शाल उसवायला घेतली. निळी विहीर गेली, तुळस गेली, पायऱ्या गेल्या.

मग ती आईच्या पायाशी बसली. "आई, मला दाणा येत नाही. शिकव."

आईने तिचे हात आपल्या हातांत घेतले. "डोळे मीट. आता वीण. हं, ओढ फास. दिसला दाणा?"

"नाही."

"दिसायचा नाहीच. उलट बाजूने विणतेस ना, मग दाणा पलीकडे उठतो. तुझ्या बाजूला सपाटच राहायचं. बोट पलीकडून फिरव."

लेकीने बोट पलीकडे नेले. तिथे हरभऱ्याएवढा दाणा घट्ट बसला होता. म्हणजे पहिल्या दिवशीही तो उठला होता. तिने विणकाम उलटून पाहिले नव्हते, इतकेच. तिला रडू आले. आईने तिला रडू दिले, हात मात्र सोडले नाहीत.

थंडी संपत आली तेव्हा शाल पूर्ण झाली. उसवलेल्याच लोकरीची, तीही डोळे मिटून विणलेली, त्यामुळे रंगांचा पार गोंधळ. विहीर अर्धी तांबडी, तुळस निळी. या खेपेला गावातले कुणी बघायला आले नाही.

आईची बोटे दाण्यांवरून निघाली. "ही विहीर. ही काठावरची कड, फुटलेलीसुद्धा! ही तुळस. एक पायरी, दुसरी..." उंबऱ्यापाशी बोट थांबले. "आणि दारात हा एकटाच दाणा कसला?"

"ती मी आहे, आई."

आईने पुढचे अंगण त्या दिवशी पाहिलेच नाही. तिचे बोट संध्याकाळपर्यंत त्या दाण्यावरच होते.

तात्पर्य: आपली भेट आपल्याला किती देखणी दिसते याला मोल नाही, घेणाऱ्याच्या हाताला ती लागली, तरच ती पोचली.